कंपायलर आला तेव्हाही प्रोग्रामर संपणारच होते

नोव्हेंबर १९५४मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नियोजित भाषेचा प्राथमिक अहवाल काढला. भाषेचं नाव फोरट्रान. अहवालात एक धाडसी दावा होता: ही भाषा आली की कोडिंग आणि डीबगिंग ही दोन्ही कामं जवळपास उरणारच नाहीत. प्रत्यक्षात ती ग्राहकांच्या हाती पडायला १९५७चा एप्रिल उजाडला. मधल्या काळात कधीही विचारलं तरी ‘अजून सहा महिने’ हेच उत्तर मिळायचं. आयटीत नोकरी करणाऱ्या वाचकांना हे उत्तर चांगलंच ओळखीचं असेल.

सांगायचं एवढंच, की ‘हे टूल आलं, आता प्रोग्रामर कशाला?’ हा प्रश्न चॅटजीपीटीने आणलेला नाही. तो सत्तर वर्षांचा आहे.

फोरट्रानमुळे नेमकं काय संपलं? त्याआधी प्रोग्राम म्हणजे एका विशिष्ट यंत्राला दिलेल्या सूचनांची लांबलचक यादी. कुठला आकडा मेमरीत कुठे ठेवायचा, तिथून कधी उचलायचा, हे सगळं माणसाने सांगायचं. बॅकस यांचाच हिशेब होता, की संगणक केंद्रातल्या प्रोग्रामरांवरचा खर्च निदान यंत्राइतका तरी असतो आणि यंत्राचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जातो. फोरट्रानमधला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे कंपायलरने, यातली हमाली उचलली. पण हमाली गेली म्हणून काम घटलं नाही. ज्या भौतिकशास्त्रज्ञांना आणि इंजिनिअरांना आधी यंत्राच्या वाटेला जाण्याची सोय नव्हती, तेही आपापले प्रोग्राम लिहू लागले.

कोबोलची गंमत याहून मोठी. १९५९मध्ये या भाषेचं काम सुरू झालं तेव्हा ती इंग्रजी वाक्यांसारखी ठेवली, हेतू हा की व्यवस्थापकांनाही कोड वाचता यावा. व्यवस्थापक काही कोड वाचत बसले नाहीत. उलट कोबोलमध्ये इतका कोड साठत गेला, की शतक संपत आलं तेव्हा वर्षासाठी दोनच आकडे राखलेले जुने प्रोग्राम दुरुस्त करायला माणसं कमी पडली. त्या ‘वायटूके’च्या कामावर मुंबई-पुण्यासकट देशभरातल्या आयटी कंपन्यांनी मोठी झेप घेतली. प्रोग्रामरची गरज संपवायला निघालेल्या भाषेने आपल्याकडच्या हजारो प्रोग्रामरांना परदेशी काम मिळवून दिलं.

म्हणून एआयचंही तसंच होईल, असं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. इथे उलट बाजूचा गैरसमज सुरू होतो: ‘एआय म्हणजे पुढच्या पायरीचा कंपायलर.’ तसं नाही. कंपायलरला दिलेल्या प्रत्येक ओळीचा अर्थ भाषेच्या नियमांनी बांधलेला असतो आणि नियम मोडला तर तो अडतो. कोड सुचवणारं गिटहबचं कोपायलट जून २०२१मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं. त्याच्यासारखी साधनं आधी पाहिलेल्या असंख्य कोडवरून पुढे काय यावं याचा अंदाज बांधतात. अंदाज बहुधा चांगला असतो. कधी मात्र अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीतलं फंक्शन इतक्या आत्मविश्वासाने लिहून देतात, की नवखा माणूस ती लायब्ररी शोधत बसतो. कंपायलरवर विसंबता येतं; अंदाज तपासावा लागतो, आणि तपासणाऱ्याला तो कोड वाचता यावा लागतो. माझ्या मते कोड लिहून घेण्यापेक्षा कोड वाचण्याचं कौशल्य यापुढे महाग होणार आहे.

आता थोडं खाली, रोजच्या कामाकडे येऊ. कॉलेजात पहिल्या वर्षाला हमखास ऐकू येणारी तक्रार: ‘व्हीएस कोड टाकलं, तरी सी-चा प्रोग्राम चालत नाही.’ चालणार कसा? व्हीएस कोड हा एडिटर आहे, कंपायलर वेगळा टाकावा लागतो. हा घोटाळा मुलांच्या माथी मारण्यात अर्थ नाही, कारण या दोन गोष्टी एकच वाटाव्यात यासाठीच एका पिढीने कष्ट घेतले होते.

१९८३पर्यंत पीसीवर प्रोग्राम लिहिणाऱ्याचा दिवस असा जायचा: एडिटर उघडा, लिहा, बंद करा, कंपायलर चालवा, थांबा, चुकांची यादी पाहा, पुन्हा एडिटर उघडा. त्या वर्षी बोरलँड कंपनीचं टर्बो पास्कल आलं. त्याचा कंपायलर डेन्मार्कच्या अँडर्स हायल्सबर्ग यांचा. सी-शार्प आणि टाइपस्क्रिप्ट या भाषांमागेही पुढे हेच गृहस्थ. एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्राममध्ये, काम सगळं मेमरीत, आणि चूक सापडली की कर्सर थेट त्या ओळीवर. किंमत ४९.९५ डॉलर, आणि तीही इतर कंपायलर शेकड्यांत विकले जात असताना. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत हा सगळा संसार ४० किलोबाइटच्या आत बसत होता. आज मोबाइलवर फिरणारा ‘सुप्रभात’चा फोटोसुद्धा बहुधा याहून मोठा असतो.

‘एकत्रित वातावरणाचा शोध बोरलँडने लावला’ हेही खरं नव्हे. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात १९६४मध्येच बेसिक भाषेत लिहिणं आणि चालवणं एकाच ठिकाणी होत होतं, आणि झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत स्मॉलटॉकने तर खिडक्या आणि माउससकट ते करून दाखवलं होतं. बोरलँडने ते स्वस्त केलं आणि घराघरात नेलं. हेही छोटं काम नव्हे.

मग जे एकदा जोडलं ते पुन्हा का तोडलं? इथे खरी युक्ती आहे. समजा दहा भाषा आणि दहा एडिटर आहेत. प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा समजावी, म्हणजे नाव पूर्ण करून द्यावं, चुकीखाली लाल रेघ ओढावी, फंक्शन कुठे लिहिलंय ते दाखवावं, असं वाटत असेल तर शंभर जोडण्या लिहाव्या लागतात. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांसह ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ जाहीर केला. भाषेची जाण असलेला भाग वेगळा प्रोग्राम म्हणून चालतो आणि एडिटरशी ठरलेल्या निरोपांतून बोलतो. प्रत्येक भाषेने एक सर्व्हर लिहायचा, प्रत्येक एडिटरने एकदाच जोडणी करायची. शंभरच्या जागी वीस कामं. ‘विमसारखा जुना एडिटर वापरणाऱ्याला ऑटोकम्प्लीट मिळत नाही’ हा समज त्या दिवसापासून शिळा झाला.

ही वजाबाकी नवी नव्हती. १९५८मध्येच सगळ्या भाषा आणि सगळी यंत्रं यांच्या मध्ये एक समाईक मधली भाषा ठेवावी असा प्रस्ताव अमेरिकेत आला होता. त्याचं नाव अनकॉल. तो कागदावरच राहिला. तीच कल्पना पुढे यशस्वी करून दाखवणाऱ्यांत एलएलव्हीएम हे ठळक नाव. इलिनॉय विद्यापीठात २०००मध्ये ख्रिस लॅटनर यांनी त्याची सुरुवात केली, आणि त्यांचे मार्गदर्शक होते विक्रम आडवे, पवईच्या आयआयटीचे पदवीधर. आज सी-चा क्लँग हा कंपायलर, रस्ट, स्विफ्ट हे सगळे यंत्राची भाषा तयार करायला एलएलव्हीएमवर टेकतात. २०१२चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार आडवे, लॅटनर आणि इव्हान चेंग यांना मिळाला. ‘ही साधनं गोऱ्यांनी करायची, आपण वापरायची’ असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. सोबत पुण्याचीही घ्यावी: १९८१मध्ये तिथे सुरू झालेल्या टाटा संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीत, सॉफ्टवेअर घडवण्याच्या आणि तपासण्याच्या साधनांवरच संशोधन होत आलं. आणि मुंबईत २०११मध्ये उभी राहिलेली ब्राउझरस्टॅक जगभरच्या कंपन्यांना त्यांच्या वेबसाइट खऱ्या फोनांवर आणि ब्राउझरांवर तपासून पाहायची सोय देते.

गिटविषयी मात्र इतके गैरसमज आहेत की वेगळा लेख व्हावा. पहिला म्हणजे गिट आणि गिटहब एकच. गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं, आपल्या लॅपटॉपवर चालणारं, २००५मधलं मोफत साधन; गिटहब ही २००८मध्ये सुरू झालेली आणि २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेली कंपनी. इंटरनेट बंद असतानाही गिट उत्तम चालतं.

दुसरा गैरसमज दंतकथेच्या जातीचा: लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने चार दिवसांत शून्यातून गिट उभं केलं. तारखा खऱ्या आहेत. लिनक्सचं काम बिटकीपर या खासगी साधनावर चालायचं, त्याची मोफत मुभा गेली, ३ एप्रिल २००५ला गिटचं काम सुरू झालं आणि ७ तारखेला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. ‘शून्यातून’ हा शब्द तेवढा खोटा. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं एससीसीएस मार्क रॉचकाइंड यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२मध्येच लिहिलं होतं. पुढे आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन अशी वंशावळ आहे, आणि प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत असण्याची सवय लिनक्सवाल्यांना बिटकीपरनेच लावली होती. शिवाय त्याच वर्षीच्या जुलैपासून गिटचा सांभाळ जुनिओ हामानो करत आले आहेत. आज आपण जे वापरतो त्यात चार दिवसांपेक्षा या माणसाच्या वर्षांचा वाटा कितीतरी मोठा, पण दंतकथेत देखभाल करणाऱ्याला जागा नसते.

तिसरा गैरसमज महागात पडतो. ‘गिटमध्ये आहे, म्हणजे बॅकअप आहे.’ दुसऱ्या मशीनवर पाठवलं नसेल तर डिस्कबरोबर इतिहासही जातो. आणि याच्या उलट: चुकून टाकलेला पासवर्ड पुढच्या बदलात खोडला, तरी आधीच्या आवृत्तीत तो शाबूत असतो. तो पासवर्ड बदलणं हाच उपाय.

बॅकअपच्या नादात गिटची खरी किमया बहुतेकांना कळतच नाही. गेल्या महिन्यात चालणारा प्रोग्राम आज बिघडलाय, आणि मध्ये हजार बदल झालेत. ‘बायसेक्ट’ ही आज्ञा मधला बदल काढून देते; चालतो की नाही एवढं आपण सांगायचं. प्रत्येक वेळी निम्मे संशयित बाद. हजारांतला दोषी बदल सुमारे दहा तपासण्यांत सापडतो.

गिटबाहेरचा आणखी एक गैरसमज पेटंटचा, तो थोडक्यात. ‘सॉफ्टवेअर लिहिलं, आता पेटंट घेऊ’ असं अनेक नवउद्योजकांना वाटतं. भारतीय पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे शोध मानलेच जात नाहीत. प्रोग्रामला संरक्षण आहे ते कॉपीराइटचं, साहित्यकृती म्हणून. अमेरिकेत पेटंट मिळू शकतं. युनिक्सच्या कर्त्यांपैकी डेनिस रिची यांना त्यातल्या एका परवानगीच्या युक्तीवर १९७९मध्ये मिळालंही होतं, आणि ते पुढे सर्वांसाठी खुलं करून टाकलं गेलं.

शेवटी आपल्याकडचा खास गैरसमज: ‘टर्बो सी म्हणजेच सी.’ निळ्या पडद्याचं हे १९८७चं डॉसवरचं साधन इथल्या अनेक लॅबमध्ये त्याचा काळ उलटून गेल्यावरही ठाण मांडून राहिलं. चौसष्ट बिटी विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये घालून चालवतात. पडदा पुसणारं आणि कळ दाबेपर्यंत थांबवणारं अशी जी दोन फंक्शनं मुलं पाठ करतात, ती सी-च्या प्रमाणित लायब्ररीत नाहीतच. ‘इन्ट दोन बाइटचा असतो’ हे व्हायव्हात पाठ म्हणून दाखवलेलं उत्तरही तिथलंच. प्रमाण सांगतं ते इतकंच, की तो निदान सोळा बिटांचा असावा. आजच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये तो चार बाइटचा असतो. टर्बो सी-मध्ये सातचा फॅक्टोरियल ५०४० बरोबर येतो, आणि आठचा ४०३२० यायच्या जागी उणे २५२१६ येतो, कारण ३२७६७च्या पुढे तिथे जागाच नाही. ती सी-ची मर्यादा नव्हे, त्या काळच्या पीसीची आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा कंपायलर १९८७पासून मोफत आहे, क्लँगही मोफत आहे. प्राध्यापकांनी प्रॅक्टिकलच्या यादीत यांपैकी एक घालावं. आणि विद्यार्थ्यांनी इशारे दाखवणारा ‘वॉल’ हा पर्याय पहिल्या प्रोग्रामपासून चालू ठेवावा: अटीत दोन बरोबर-चिन्हांच्या जागी एकच पडलं, किंवा छापायचा आकडा एका प्रकारचा आणि सांगितला दुसऱ्या प्रकारचा, तर कंपायलर आपणहून बोट दाखवतो. ‘वॉर्निंगच तर आहे’ म्हणून पुढे जाऊ नका, वाचा.