मुंबईच्या चार दिवसांचें अंदाजपत्रक

सांगली-कोल्हापुराकडील एखाद्या कुटुंबांत दिवाळीच्या सुटींत मुंबई पाहून यावयाचें ठरलें, म्हणजे घरचे गृहस्थ प्रथम आगगाडीच्या भाड्याचा हिशेब मांडतात. पति-पत्नी, दोन मुलें आणि आजीबाई, मिळून माणसें पांच. जातां-येतां भाडें अमुक. त्यावर अजमासानें कांहीं रक्कम ‘वरखर्चास’ धरली, कीं अंदाजपत्रक पुरें झालें असें त्यांस वाटतें. वस्तुतः भाडें हा या सर्व हिशेबांतील अगदीं निरुपद्रवी आंकडा होय. तो आधीं कळतो व तिकीट काढल्यावर बदलत नाहीं. घात होतो तो ‘वरखर्च’ या एका शब्दांत. आणि त्याची झळ तिसऱ्या दिवशीं लागूं लागली, कीं पहिली कात्री आजीबाईंच्या सोयीवर चालते. ज्यांच्या देवदर्शनाच्या इच्छेनें बेत निघाला, त्याच खोलीवर बसून रहातात.

भाड्यासंबंधीं थोडक्यांत सांगावयाचें तें इतकेंच. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजीं ६० दिवस आधीं खुलें होऊं लागलें. पांच ते बारा वर्षांच्या आंतील मुलास निजण्याची जागा नको असेल तर अर्धें भाडें पडतें, हवी असेल तर पूर्ण. वृद्धांस मिळणारी सवलत मार्च २०२० मध्यें बंद झाली. जुन्या आठवणीवर विसंबून ती हिशेबांत धरूं नये. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभर चालून सकाळीं मुंबईस पोंचते, त्यामुळें एका रात्रीचें खोलीभाडें वांचतें खरें; पण खोली बहुधा दुपारीं बारानंतरच ताब्यांत मिळते. सकाळीं मिळेल काय व त्याचे निराळे पैसे किती, हें घरूनच विचारून घ्यावें.

आतां बिऱ्हाडाचा प्रश्न. मुंबईस आप्त नाहींत असें मराठी घर विरळा. परंतु हे आप्त आतां गिरगांवांत किंवा दादरास फारसे राहिले नाहींत. ते डोंबिवलीस, बदलापुरास, बोरिवलीस असतात. तेथें उतरल्यानें खोलीचें भाडें वांचतें, म्हणून हा मार्ग फुकटाचा समजला जातो. डोंबिवलीहून बोरीबंदर सुमारें ४८ किलोमीटर आहे. लोकलचें तिकीट स्वस्त आहे, पण सकाळच्या गर्दींत मुलें व वृद्ध यांना घेऊन त्या गाडींत शिरणें म्हणजे काय, हें ज्यानें पाहिलें आहे तो तिकिटाची किंमत सांगत बसणार नाहीं. गर्दी टाळण्यासाठीं अकरा वाजतां निघावें, तर निम्मा दिवस गेला. संध्याकाळीं थकून टॅक्सी करावी, तर चार दिवसांची बचत एका फेरींत संपली. शिवाय त्या दोन खोल्यांच्या घरांत पांच पाहुण्यांचें पाणी, दूध, अंथरुणें आणि घरच्या बाईची रजा यांचा हिशेब कोणीच मांडीत नाहीं. ती आग्रह करते, तो मनापासूनच असतो. म्हणूनच त्याचा फायदा घेतांना संकोच वाटावा.

आमच्या मतें खोली फोर्ट, गिरगांव किंवा दादर या बाजूस घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या खोलीच्या भाड्यावरील कर १२ वरून ५ टक्के झाला, हा त्यांत थोडा दिलासा. आप्तांकडे एक दिवस मुद्दाम जावें, आणि त्या दिवसाच्या फळांचें व मुलांच्या खाऊचें सदर अंदाजपत्रकांत निराळें असावें. हा दिवस बहुतेकांस रविवारच सोयीचा; मात्र दुरुस्तीसाठीं त्या दिवशीं लोकलचा मार्ग कोठें बंद आहे काय, तें आदल्या दिवशीं पहावें.

शहरांतल्या फिरण्यांत पांच ही संख्या मोठी अडचणीची आहे. टॅक्सींत चार उतारूंची परवानगी, रिक्षांत तिघांची. आणि रिक्षा वांद्रें व शीव यांच्या दक्षिणेस येतच नाहीं. म्हणजे दर वेळीं वाहनें दोन. फेब्रुवारी २०२५ मध्यें टॅक्सीचें पहिल्या दीड किलोमीटरचें भाडें ३१ रुपये ठरलें, व त्याच वर्षीं ९ मेपासून साध्या बसचें पहिल्या पांच किलोमीटरचें १० रुपये. सर्वांचें पूर्ण तिकीट धरलें तर बसनें पांचांचे ५० रुपये होतात. दोन टॅक्सींस ६२ लागतात. आजीबाई व एक नातवंड टॅक्सींत आणि तिघें बसनें, असें गेल्यास ६१. जवळच्या पल्ल्याला अकरा रुपयांचा फरक! त्यासाठीं गुडघे धरून बसची पायरी चढावयास लावूं नये. लांबच्या पल्ल्यास भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें ती कफ परेडपर्यंत पुरी झाली. गिरगांव, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, दादर हीं सारीं स्थानकें एकाच मार्गावर आलीं, भाडें अंतराप्रमाणें १० ते ७० रुपये ठरलें, आणि स्थानकांत उद्वाहक आहेत.

वाराकडे दुर्लक्ष केल्यानेंही पैसा जातो. घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद, राणीचा बाग बुधवारीं बंद, आणि सिद्धिविनायकास मंगळवारीं गर्दी अपरंपार. राणीच्या बागेंत आईबाप व दोन मुलें यांस मिळून १०० रुपयांचें तिकीट २०१७ मध्यें ठरलें. त्याच आवारांत १८७२ सालचें भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, म्हणजे एका फेरींत दोन स्थळें होतात. घारापुरीस लेण्यांच्या प्रवेशापेक्षां होडीचेंच भाडें जड. १५ वर्षांखालील मुलांस लेण्यांत पैसे पडत नाहींत. वर जाण्यास शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. डोली मिळते. तिचे पैसे घरींच धरून ठेवावे. म्हणजे आजीबाईंस किनाऱ्यावर बसवून ‘आम्ही पाहून येतों’ असें म्हणण्याची पाळी येणार नाहीं.

एवढें झाल्यावर एकूण रकमेचा दहावा भाग निराळ्या पाकिटांत घालून गृहिणीच्या हातीं द्यावा. परतीच्या गाडींत बसेपर्यंत तें उघडावें लागलें नाहीं तर उत्तमच; लागलें तर त्याचा हिशेब गृहस्थांनीं मागूं नये.