अध्यापनाची पदवी आणि शिक्षकाची पात्रता

सेवेत असताना पुढील शिक्षण घ्यावे, अशी इच्छा खेड्यापाड्यांतील अनेक शिक्षकबंधुभगिनींच्या मनात असते. ही इच्छा स्तुत्य आहे. परंतु कोणत्या परीक्षेने काय प्राप्त होते याची स्पष्ट कल्पना नसल्यास दोन वर्षांचे श्रम व पदरचा पैसा खर्च होऊनही अपेक्षित लाभ होत नाही. म्हणून पदवी व पात्रता यांतील भेद, आणि ती दोन्ही एकत्र साधण्याचे मार्ग, यांचे थोडक्यात विवेचन येथे केले आहे.

पदवी विद्यापीठ देते. अमुक विषयाचा अभ्यास अमुक दर्जापर्यंत पूर्ण झाला, एवढेच ती सांगते. पात्रता ही कायद्याने ठरविलेली बाब आहे. कोणत्या इयत्तेस कोणी शिकवावे हे तिच्यावरून ठरते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला, आणि त्यास अनुसरून राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने 23 ऑगस्ट 2010 रोजी किमान अर्हता जाहीर केल्या. पदवी मोठी म्हणून पात्रता आपोआप येते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो बरोबर नाही.

याचे ठळक उदाहरण बी. एड. पदवीचे आहे. 2018 मध्ये पहिली ते पाचवीच्या नेमणुकांसाठी बी. एड. पदवीधरांना पात्र मानण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात हे अमान्य केले. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र स्वतंत्र आहे आणि त्याचे शिक्षण प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेत, म्हणजे डी. एल. एड. मध्ये मिळते, ही त्यामागील भूमिका होती. सहावी ते आठवीसाठी पदवीधराजवळ ही पदविका असली तरी चालते. नववी-दहावीस शिकवावयाचे असल्यास मात्र बी. एड. आवश्यक ठरते. एम. एड. ही पदव्युत्तर पदवी मुख्यतः अध्यापक विद्यालयांत शिकवू इच्छिणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. सारांश, आधी आपले ध्येय निश्चित करावे आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरावा.

विषयाचे ज्ञान व अध्यापनाचे शास्त्र यांची फारकत करू नये, हा विचार नवा नव्हे. 1963 मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली. त्यांत दोन्हींचा अभ्यास चार वर्षांत एकत्र करण्याची योजना होती. पुढे 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, प्रशिक्षण संस्था एकीकडे विद्यापीठांपासून व दुसरीकडे शाळांपासून तुटलेल्या आहेत, या दोषावर नेमके बोट ठेवले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे होते, आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ग्रामीण शाळेची स्थिती त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होती.

त्याच विचाराचे आजचे रूप म्हणजे एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम होय. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्याचा पुरस्कार केला व 2023-24 पासून निवडक संस्थांत तो सुरू झाला. बारावीनंतर चार वर्षांत बी. ए. बी. एड., बी. एससी. बी. एड. किंवा बी. कॉम. बी. एड. अशी एकच पदवी मिळते. तीन वर्षांची पदवी व दोन वर्षांचे बी. एड. या क्रमाच्या मानाने विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचते. आपल्या गावातील होतकरू मुलामुलींना ही माहिती शिक्षकांनी अगत्याने द्यावी.

सेवेतील प्रशिक्षित शिक्षकांना नोकरी सांभाळून बी. एड. करण्यासाठी दूरशिक्षणाची सोय आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने हे काम दीर्घकाळ केले आहे. प्रवेशापूर्वी संस्थेस मान्यता आहे किंवा नाही याची खात्री करावी, कार्यालयाची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी आणि उत्तीर्ण झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात, अधिनियमापूर्वी नेमलेल्या व निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली होती त्यांना सेवेत राहण्याची मुभा मिळाली, परंतु परीक्षेवाचून पदोन्नती नाही, असे ठरले. बी. एड. वा एम. एड. ही या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. म्हणून या संबंधीचे अद्ययावत आदेश गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पाहून, पदवीच्या अभ्यासाआधी या परीक्षेस अग्रक्रम द्यावा. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी व दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो. प्रत्येकात 150 गुणांचे 150 प्रश्न असतात.

पदवीच्या अभ्यासाचा खरा उपयोग मात्र वर्गातच व्हावा. समजा, तिसरीतील काही मुले 52 मधून 27 वजा करताना उत्तर 35 काढतात. ही केवळ निष्काळजी नव्हे. दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन वजा करतात. अशा मुलांची नोंद ठेवावी, काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे सोडवून त्यांच्याकडून वजाबाकी करून घ्यावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावे. हेच कृतिसंशोधन होय. बाजारातून तयार प्रकल्प आणून तो नकलून काढणाऱ्यास गुण मिळतील, पण त्याच्या वर्गातील मुलांचे उत्तर 35 च राहील.

पात्रतेने शिक्षकाची जागा सुरक्षित होते. पदवीने त्याची दृष्टी विस्तारावी आणि त्या दृष्टीचा लाभ त्याच्या शाळेतील मुलांस मिळावा. ज्या शिक्षकबंधुभगिनींस पुढील शिक्षण घ्यावयाचे आहे, त्यांनी हा क्रम ध्यानी ठेवून आपली वाट निवडावी.