शिंगराला शिकवताना : लगाम, मांड आणि आपल्या चुका



दत्त जयंती जवळ आली की आमच्या शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढायला लागतात. कारण सगळ्यांना माहीत आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापी नदीच्या काठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार असतो. मारवाडी आणि काठेवाडी जातीचे घोडे तिथे जवळून पाहायला मिळतात. त्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकतात, हीच त्यांची ओळख. यात्रेहून मुले परत आली की आठ दिवस वर्गात दुसरा विषय नसतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी अशीच एक घोडी आली. वय जेमतेम दोन वर्षे. लग्नसराई तोंडावर होती, म्हणून महिन्याभरातच तिच्या पाठीवर खोगीर चढले. पहिल्याच वरातीत बँड वाजायला लागला, घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि तिच्यावर बसलेल्या मोठ्या भावाचा हात मोडला. घरात एकच बोलणं सुरू झालं, "घोडी खोडीची निघाली, विकून टाका." मुलगा वर्गात गप्प बसायला लागला. एक दिवस मधल्या सुट्टीत त्याने मला विचारलं, "सर, घोडी मुद्दाम तसं करते का हो?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या मामांकडे घोडी होती, त्यामुळे लहानपणी बसायला शिकलो होतो. पण बसणं वेगळं आणि घोड्याला शिकवणं वेगळं. मग शाळा सुटल्यावर गावातल्या एका जुन्या चाबुकस्वाराकडे जाऊन बसायला लागलो. घोडा शिकवतो तो चाबुकस्वार. थोडं वाचनही केलं. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी घोडा समजून घेऊ

घोडा हा शिकार करणारा प्राणी नाही, शिकार होणारा प्राणी आहे. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर त्याचं निम्मं वागणं उलगडतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त दोन जागा दिसत नाहीत. एक, बरोबर शेपटीमागची आणि दुसरी, कपाळासमोरची अगदी जवळची. म्हणून घोड्याच्या मागून कधीही गुपचूप जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे.

पाठीवर माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवतो. ज्याला माशीचं वजन कळतं, त्याला आपली टाच, आपला तोल, आपलं घाबरून आखडलेलं अंग कळणार नाही का?

याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे आणि ते शिक्षकांनी तर वाचलेच पाहिजे. जर्मनीत विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे द्यायचा. लोक थक्क व्हायचे. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने शोधून काढले की घोड्याला गणित येत नाही. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलतं आणि तेवढं पाहून हान्स थांबतो. शिक्षकांनाही आपण खूण करतो हे माहीत नव्हतं! म्हणजे घोड्याला गणित येत नसेल, पण माणूस वाचता येतो.

दाब आणि सूट

आता मुख्य मुद्दा. घोडा शिकतो कशाने? बरेच जण म्हणतील, चाबकाने. नाही. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो.

लगाम हलका ओढला, घोडा थांबला आणि त्याच क्षणी लगाम सैल सोडला, तर त्याला कळतं, "थांबलो म्हणून सुटका झाली." पुढच्या वेळी तो लवकर थांबतो. पण तो थांबल्यावरही आपण ओढतच राहिलो, तर त्याला काय कळणार? थांबलं तरी दुखतं, चाललं तरी दुखतं. मग तो स्वतःच सुटकेचा मार्ग शोधतो. कधी मान वर फेकतो, कधी पळतो, कधी उभा राहतो. आणि त्यातून त्याची सुटका झाली, तर तेच त्याचं पाठांतर होतं.

इथेच घोडं पेंड खातं बघा! दाब देणं सगळ्यांना जमतं, वेळेवर सोडणं फार थोड्यांना जमतं. सूट लगेच मिळाली पाहिजे. चार-पाच सेकंदांनी दिली तर ती कशासाठी मिळाली हे घोड्याला समजत नाही.

कोणत्या वयात काय शिकवावे?

1. पहिले वर्ष : घोडीला अकरा महिन्यांनी शिंगरू होते. साधारण सहा महिन्यांचे झाले की ते आईपासून तोडतात. या काळात फक्त ओळख करायची. अंगावरून हात फिरवणे, म्होरकी घालणे, शेजारून चालायला शिकवणे आणि चारही पाय उचलून खूर साफ करू देणे. पुढे नालबंदाचं काम यामुळे सोपं होतं.

2. दुसरे वर्ष : जग दाखवायचं. ट्रॅक्टर, पाण्याचं डबकं, फडफडणारा प्लास्टिकचा कागद, लांबून ऐकू येणारा बँड. भीती वाटली तर थांबू द्यायचं, बघू द्यायचं, वास घेऊ द्यायचा. ओढून न्यायचं नाही.

3. तिसरे वर्ष : लांब दोरीवर गोल फिरवणे. जुने लोक याला काव्यावर फिरवणे म्हणतात. दहा-पंधरा मिनिटे पुरे, आणि दोन्ही बाजूंनी फिरवायचे. लहान गोलात फार फिरवलं तर पायांच्या सांध्यांवर ताण येतो. चाल, दुडकी, थांबणे हे सगळं इथे फक्त आवाजावर शिकवता येतं. मग हळूहळू खोगिराची ओळख. तंग पहिल्याच दिवशी आवळायचा नाही, रोज एकेक भोक पुढे.

4. साडेतीन-चार वर्षे : आता पाठीवर माणूस. आधी नुसतं पाठीवर आडवं पडायचं आणि उतरायचं. मग बसायचं, पण दुसऱ्याने घोडा धरून चालवायचा. सुरुवातीला रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही.

एवढं थांबायचं कशासाठी? घोड्याच्या पायांची खालची हाडे लवकर पक्की होतात, पण पाठीच्या कण्याची हाडे पूर्ण पक्की व्हायला साधारण पाच वर्षे लागतात. शिवाय अडीच ते पाच वर्षांपर्यंत त्याचे दुधाचे दात पडून नवे येत असतात. आपल्या पहिलीतल्या मुलाचा दात हलत असताना त्याच्या तोंडात लोखंडी कडी घालून ती ओढली, तर तो काय करेल? त्या घोडीचं तेच झालं होतं.

नेहमीचे दोष आणि त्यांचे उपाय

कोणताही दोष दिसला तरी पहिला प्रश्न एकच : "कुठे दुखतंय का?" दात, लगामाची कडी, खोगिराखालची पाठ, तंगाजवळची कातडी, खूर, हे सगळं आधी तपासा. गरज पडली तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा. दुखणं नाही अशी खात्री झाली, तरच पुढचं शिकवणं.

बुजणे : रस्त्यात पिशवी उडाली आणि घोडा बाजूला उडी मारतो. इथे मारलं तर त्याची खात्रीच पटते की पिशवी आली की मार बसतो. अंतर ठेवून थांबा, त्याला बघू द्या, शांत झाला की पुढे न्या. आपली नजर पिशवीवर नको, पुढच्या रस्त्यावर हवी. आपण जिकडे बघतो तिकडे आपलं अंग वळतं आणि ते घोड्याला कळतं.

अडणे : घोडा जागचा हलत नाही. बहुतेक वेळा स्वार टाचा मारत असतो आणि त्याच वेळी लगामही ओढून धरलेला असतो. "चल" आणि "थांब" एकदम! आधी हात सैल करा. मग पायाने हलका इशारा करा. एक पाऊल टाकलं की इशारा बंद.

उधळणे : माझी स्वतःची चूक सांगतो. बारा-तेरा वर्षांचा असताना मामांची घोडी माझ्यासकट उधळली होती. मी घाबरून दोन्ही पायांनी तिला घट्ट आवळलं आणि दोन्ही हातांनी लगाम ओढला. पायाचं आवळणं म्हणजे तिच्यासाठी "आणखी जोरात". ती कुंपणाशी थांबली, मी कुंपणापलीकडे पडलो! खरा उपाय असा : पाय सैल, पाठ ताठ, श्वास सोडायचा, आणि एका बाजूचा लगाम थोडा ओढून थोडा सोडून घोड्याला मोठ्या गोलात वळवायचं. गोल हळूहळू लहान करायचा. भरधाव वेगात एकदम मान वळवू नका, घोडा पडू शकतो. आणि हे वळणं आधी चालत्या घोड्यावर शंभरदा केलेलं असेल, तरच वेळेला उपयोगी पडतं.

पाठ उडवणे आणि उभे राहणे : मागचा भाग उडवतो तेव्हा त्याची मान खाली जाते, म्हणून मान वर ठेवून पुढे चालवायचं. मागच्या पायांवर उभा राहतो तेव्हा मात्र लगाम ओढलात तर घोडा पाठीवर उलटा पडू शकतो. हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. लगाम सोडा, पुढे झुका, चारही पाय टेकले की उतरा. ही खोड घरच्या घरी मोडण्याच्या भानगडीत पडू नका, जाणकार माणूस बोलवा.

तोंड कठीण होणे : घोडा लगाम जुमानत नाही म्हणून लोक आणखी बोचरी कडी घालतात. काही जण काटेरीही घालतात. भारतात 1965 च्या नियमांनुसार ओझे वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांना काटेरी लगाम घालायला मनाई आहे. नियम बाजूला ठेवला तरी कडी बोचरी केल्याने तोंड आणखी बधिर होतं. उपाय उलटा आहे : साधी कडी, हलका हात आणि थांबण्याचा धडा पहिल्यापासून.

स्वाराची मांड

दोष घोड्यात दिसला तरी त्याचं मूळ अनेकदा मांडीत असतं. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत हवी. गुडघ्याने घोडा आवळायचा नाही. टाच किंचित खाली, पायाचा पुढचा भागच रिकिबीत. पाय पूर्ण आत गेला आणि आपण पडलो, तर घोडा फरफटत नेतो. लगाम हा तोल सांभाळायला धरायचा दांडा नाही, ज्याची मांड पक्की त्याचाच हात हलका. वजनाचाही विचार हवा. खोगिरासह स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावं असं मानतात. घोडा 350 किलोचा असेल तर 70 किलो. मुलांनी बसताना डोक्यावर हेल्मेट आणि शेजारी जाणता माणूस, यात तडजोड नाही.

रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, हे ग्रीक लेखक झेनोफनने सुमारे 2300 वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. आमचे चाबुकस्वार बाबा झेनोफनचं नावही ऐकलेले नाहीत. पण घोडी ऐकेनाशी झाली की ते तिला बांधून झाडाखाली बिडी ओढत बसायचे. म्हणायचे, "आधी मी थंड होतो, मग तिला शिकवतो."

घोडीचं पुढे काय झालं?

बाबांनी मुलाच्या वडिलांना सांगितलं, "विकू नको. पण खोगीर वर्षभर खुंटीला टांग." हे सांगणं सोपं होतं, ऐकणं कठीण. घोडी कर्जाने घेतलेली होती. दोन लग्नसराया हातच्या गेल्या, वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला गेले. बाबांनी घोडीला पुन्हा पहिलीत बसवलं. म्होरकी, हात फिरवणं, चालणं, थांबणं. मुलगा शाळेतून आला की लांबून डबा वाजवायचा आणि दर दोन-चार दिवसांनी एक पाऊल जवळ यायचा.

यंदा ती चार वर्षांची झाली. मोठा भाऊ तिच्यावर बसून शेतापर्यंत जाऊन येतो. वरातीला अजून नेलेली नाही, बाबा अजून नको म्हणतात. मुलगा आता सहावीत आहे. परवा रस्त्यात भेटला. त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "सर, ती मुद्दाम करत नव्हती. तिला तेवढंच येत होतं."

मित्रहो, दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाला पाढा आला नाही, तेव्हा मला हे वाक्य आठवलं.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

1. अर्थ शोधा आणि वाक्यात उपयोग करा : घोडे गंगेत न्हाले, घोडामैदान जवळ असणे, वरातीमागून घोडे, लगाम घालणे.
2. खोगीर, तंग, रिकीब, नाल, म्होरकी, मांड, दुडकी, चौखूर या शब्दांची माहिती घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहा.
3. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या जनावराचे दहा मिनिटे निरीक्षण करा. त्याचे कान, शेपटी आणि डोळे काय सांगतात ते पाच वाक्यांत लिहा.