पटनोंदणी, प्राथमिक शाळांतील (वऱ्हाड)

एखाद्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक शाळेच्या पटावर नाव दाखल झालेल्या मुलामुलींच्या संख्येस पटनोंदणी म्हणतात. ती दोन प्रकारे मोजतात. पटावरील सर्व वयांच्या विद्यार्थ्यांचे प्राथमिक वयोगटातील एकूण मुलांशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे ढोबळ नोंदणी प्रमाण. केवळ त्या वयोगटातील दाखल मुलांचे प्रमाण म्हणजे निव्वळ नोंदणी प्रमाण होय. उशिरा दाखल झालेली व त्याच इयत्तेत राहिलेली मुले पहिल्यात धरली जात असल्याने ते १०० च्या वरही जाऊ शकते. पट, हजेरी व शिक्षणाची पूर्तता या तीन भिन्न गोष्टी आहेत. अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या अनुभवावरून हा भेद स्पष्ट होतो.

वऱ्हाड १८५३ च्या तहान्वये निजामाकडून ब्रिटिशांच्या व्यवस्थापनाखाली आला व १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. मध्य प्रांताच्या १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला; त्यामुळे सक्तीची व्याप्ती त्यांच्या इच्छेवर व ऐपतीवर अवलंबून राहिली. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष व १९३० मध्ये प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. शेतकरी व मागास समाजांतील मुलांपर्यंत शिक्षण नेणे, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेत (१९३८–३९) दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातील शाळा चालविण्याची कल्पना होती. शाळेला कायमचे उत्पन्न कोठून मिळावे, हा प्रश्न या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी होता.

संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती पाळली गेली नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या व शाळांचे जाळे खेडोपाडी पसरले. पट वाढला, मात्र हजेरी त्या प्रमाणात वाढली नाही. याचे कारण येथील अर्थव्यवस्थेत आढळते. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात येते आणि कोरडवाहू कुटुंबांतील मुले शेतात जातात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहतात. मुलींच्या वाट्याला हे काम अधिक येते. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत कोरकू कुटुंबे मजुरीसाठी स्थलांतर करतात. शिवाय कोरकू ही मुंडा गटातील भाषा असल्याने मराठी शाळेत आलेल्या मुलाला प्रथम परक्या भाषेशी झगडावे लागते.

पुढील योजनांत या अडचणींचा विचार दिसतो. राज्य शासनाने १९९२ पासून दुर्बल घटकांतील मुलींना हजर दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता दिला. १९९५ च्या केंद्रीय पोषण आहार योजनेत ८० टक्के हजेरीवर दरमहा ३ किग्रॅ. धान्य मिळे, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे आवश्यक ठरले. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्यातील साक्षरता सु. ८७ टक्के व अकोला जिल्ह्यातील सु. ८८ टक्के होती.

इतर अल्प उत्पन्न देशांतही असेच घडले. युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शाळांतील फी रद्द करताच पट सु. ३१ लाखांवरून सु. ५३ लाखांवर गेला. परंतु वर्ग दाटले व शिक्षक अपुरे पडले. जगातील शाळाबाह्य प्राथमिक वयाच्या मुलांची संख्या २००० मधील सु. १० कोटींवरून २०१५ मध्ये सु. ५.७ कोटींवर आली.

पटावरील आकड्यावर शिक्षकांची पदे व अनुदान ठरत असल्याने तो फुगविण्याचा मोहही होतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये एकाच वेळी झालेल्या पटपडताळणीत पटावरील लाखो मुले शाळांत आढळली नाहीत. त्यामुळे नोंदणीतील वाढ हे प्रगतीचे पहिले गमक मानले, तरी वेचणीच्या हंगामातील हजेरी व शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकलेल्या मुलांची संख्या यांवरूनच तिचे खरे मूल्य ठरते.