धावचीत की नाबाद?

गेल्या हिवाळ्यात आमखास मैदानावर वर्गावर्गांचा सामना झाला, आणि पंच म्हणून उभे राहण्याची पाळी माझ्यावर आली. पाचव्या षटकात मी एका मित्राला धावचीत दिले. तो आजही माझ्याशी नीट बोलत नाही. तेव्हापासून हा निर्णय मुळात कसा दिला जातो, याचा मी शोध घेत आहे.

नियम वरवर सोपा आहे. यष्ट्यांवरची बेल सुटण्यापूर्वी बॅटचा वा शरीराचा काही भाग क्रीझच्या आत जमिनीला टेकलेला हवा. नुसत्या रेषेवर टेकून भागत नाही. रेषा फलंदाजाची नव्हे. खरी अडचण पंचाच्या डोळ्यांची. यष्ट्या आणि क्रीझ यांत चार फुटांचे अंतर. एकाच क्षणी दोन्हीकडे पाहायचे. म्हणून फटका बसताच गोलंदाजाकडचा पंच बाजूला पळतो आणि क्रीझच्या सरळ रेषेत उभा राहतो. शक्यतो चेंडू गेला त्याच बाजूला जावे, म्हणजे फेक डोळ्यांसमोर राहते.

बेसबॉलमधील पंच या बाबतीत सुखी म्हणायचा. पहिल्या बेसवर तो नजर धावणाऱ्याच्या पायावर ठेवतो आणि चेंडू हातमोज्यात आदळल्याचा आवाज कानांनी टिपतो. क्रिकेटात कानांवर भिस्त ठेवता येत नाही. चेंडू यष्टीवर आदळला तरी बेल सुटतेच असे नाही. आणि यष्टिरक्षकाने हळूच बेल उडवली तर आवाज कसला येणार?

अखेर मदतीला यंत्र आले. 14 नोव्हेंबर 1992 रोजी दरबान कसोटीत जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर आपला एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर अडकला. पंच सिरिल मिचली यांनी निर्णय तिसरे पंच कार्ल लिबेनबर्ग यांच्याकडे सोपवला. कसोटीत चित्रफितीवरून बाद ठरलेला सचिन हा पहिला फलंदाज. धावा अकरा.

तथापि यंत्रही सर्वज्ञ नव्हे. सेकंदाला 25 चित्रे धरली आणि फलंदाज सेकंदाला सात मीटर धावतो असे मानले, तर दोन चित्रांच्या दरम्यान तो 28 सेंटीमीटर पुढे सरकतो! एवढ्या जागेत कितीतरी फलंदाज बाद वा नाबाद होतील. पुढे कॅमेरे वेगवान झाले, तसा नवा पेचही उघडा पडला: आत टेकलेली बॅट उसळून क्षणभर अधांतरी राहते. 2017 च्या नियमावलीने अशा धावत्या वा सूर मारणाऱ्या फलंदाजाला संरक्षण दिले. ते योग्यच झाले.

आमच्या सामन्यात कॅमेरा नव्हता. शंका असल्यास फायदा फलंदाजाला, हा जुना संकेत मात्र मला ठाऊक होता. चेंडू उजवीकडे गेला आणि मी डावीकडे पळालो. ऐन वेळी गोलंदाज आडवा आला. बेल पडताना मी पाहिली, बॅट पाहिलीच नाही. तरी बोट वर गेले. मित्राला हे अद्याप सांगितलेले नाही. आपला वार्षिक अंक तो वाचतो, म्हणून येथे लिहिले.