नवे कर्नल आपोआप सुरू होते काय? बूटलोडरविषयीचा एक चिवट गैरसमज

संगणक सुरू होताना बूटलोडर सारी डिस्क चाळतो, तिच्यावरील कर्नलांची तुलना करतो आणि त्यांतील सर्वांत नवे स्वतःहून निवडतो, ही समजूत लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये इतकी रुजलेली आहे, की नवे कर्नल बसवूनही जुनेच सुरू झाले तर बूटलोडर बिघडला असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि सगळी प्रणाली पुसून पुन्हा बसवण्याचा सल्ला तितक्याच सहजपणे दिला जातो. या सल्ल्यापायी अनेकांचे चांगले चालणारे संगणक आणि कित्येकदा त्यांच्यावरील कामही नाहक पुसले जाते. बूटलोडर बहुतांशी निवड करीतच नाही. आधी लिहून ठेवलेली निवड तो अमलात आणतो.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी आणि उपकरणे यांचा कारभार तो पाहतो. हा गाभा डिस्कवरून मेमरीत आणून, त्याला आवश्यक त्या सूचना देऊन त्याच्या हाती संगणकाचा ताबा सोपवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर होय. त्याच्याही आधी मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते, पण या फर्मवेअरला सहसा कर्नलचा पत्ताही नसतो. आजच्या संगणकांतील यूईएफआय या फर्मवेअरच्या प्रमाणित विनिर्देशानुसार बूटच्या नोंदी आणि त्यांचा क्रम सांगणारी 'बूटऑर्डर' ही यादी, वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत साठवलेली असते. 'बूटनेक्स्ट' या चलात एखादी नोंद लिहिली असेल तर त्या एका वेळेपुरती ती पुढे घेतली जाते, अन्यथा यादीतील पहिल्या चालू शकणाऱ्या नोंदीचा बूटलोडर सुरू होतो. जुन्या बायोस पद्धतीत तर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये प्रोग्रामसाठी जेमतेम ४४६ बाइट उरत, आणि एवढ्या जागेत डिस्क चाळून तुलना करणारी अक्कल मावणे शक्यच नव्हते.

गैरसमजाचे मूळ बहुधा ग्रब या सर्वाधिक प्रचलित बूटलोडरच्या एका खऱ्या गुणात असावे. त्याच्या आधीचा लिलो हा बूटलोडर फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, ओळखत नसे. कर्नल डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांवर आहे एवढेच तो टिपून ठेवी, आणि म्हणून कर्नल बदलल्यावर लिलोची आज्ञा पुन्हा चालवण्याचा विसर पडला तर नवे कर्नल सुरू होत नसे, प्रसंगी संगणकही अडून बसे. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये जीएनयू हर्डसाठी लिहायला घेतलेल्या ग्रबला मात्र फाइल सिस्टिम वाचता येते. त्याला वाचता येते म्हणून तो शोधतही असणार, असे लोकांनी गृहीत धरले. वस्तुतः तो 'ग्रब डॉट सीएफजी' नावाची एक मजकुराची फाइल वाचतो, आणि कर्नलची फाइल कोणती, तिच्यासोबत मेमरीत आणायची प्रारंभिक फाइल सिस्टिम कोणती, मूळ विभाजन कोणते, हे सारे तीत प्रत्येक नोंदीखाली आधीच लिहिलेले असते.

ही फाइल बूटच्या वेळी तयार होत नाही, हा या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. ती तयार करते 'ग्रब-एमकेकॉन्फिग' ही आज्ञा, जी चालू असलेल्या लिनक्समध्ये चालते आणि डेबियन व उबुंटूमध्ये 'अपडेट-ग्रब' या नावाने परिचित आहे. बूट डिरेक्टरीतील कर्नल शोधणे आणि त्यांचा क्रम लावणे हे काम तीच करते. नव्या कर्नलचे पॅकेज बसताना ही आज्ञा पडद्यामागे आपोआप चालवली जाते, त्यामुळे बूटलोडरनेच नवे कर्नल ओळखले असा भास होतो. परंतु कर्नल हाताने नक्कल करून ठेवले आणि आज्ञा चालवली नाही, तर ग्रबच्या लेखी ते अस्तित्वातच नसते.

शिवाय 'सर्वांत नवे' याचा अर्थही येथे निराळा आहे. क्रम लागतो तो आवृत्तीच्या क्रमांकाने, तारखेने नव्हे, म्हणून ६.१० ही आवृत्ती ६.९ च्या पुढे जाते, आणि ६.८ हे कर्नल आज स्वतः बांधून बसवले तरी महिन्यापूर्वी बसवलेल्या ६.१० च्या खालीच राहते. वरची नोंद सुरू होते तीदेखील ती वर आहे एवढ्याच कारणाने, कारण रचनेच्या फाइलीत 'ग्रब डिफॉल्ट' या चलाचे मूल्य सामान्यतः शून्य असते आणि ग्रब मेनूतील नोंदी शून्यापासून मोजतो. तेथे शून्याऐवजी 'सेव्ह्ड' लिहिले, तर 'ग्रबएन्व्ह' या १०२४ बाइटांच्या फाइलीत जतन केलेली नोंद पाळली जाते, आणि मग कितीही नवे कर्नल आले तरी जुनेच सुरू होते; यात बिघाड कोणताही नसतो, आज्ञापालनच असते. ग्रबच्या अधिकृत मार्गदर्शिकेत असेही नमूद आहे, की एलव्हीएम किंवा रेड यांच्यासारख्या मांडणीवर ग्रब बूटच्या वेळी या फाइलीत लिहू शकत नाही, त्यामुळे मेनूतून निवडलेली नोंद पुढच्या वेळी लक्षात राहावी अशी अपेक्षा तेथे फोल ठरते. क्रमांकाने नोंद ठरवणाऱ्यांची फसगत तर ठरलेलीच: उपमेनूतील तिसरी नोंद निवडून ठेवली आणि वर नवे कर्नल आले, की तोच क्रमांक दुसऱ्याच कर्नलकडे बोट दाखवू लागतो, म्हणून क्रमांकाऐवजी नोंदीची ओळख लिहिणे केव्हाही सुरक्षित.

सर्वच बूटलोडर तयार फाइलीवर विसंबतात असे मात्र नाही. सिस्टिमडी-बूट दर वेळी नोंदींच्या लहान फाइलींचा एक ठरावीक फोल्डर वाचून त्यांचा क्रम लावतो, आणि फेडोरानेही २०१९ मधील ३० व्या आवृत्तीपासून ग्रबमध्ये अशाच नोंदींची पद्धत स्वीकारली आहे. तरीही वाचला जातो तो नेमून दिलेला फोल्डर, सारी डिस्क नव्हे, आणि वापरकर्त्याने जतन केलेली निवड तेथेही आवृत्तीच्या क्रमावर मात करते.

याला जोडूनच येणारा दुसरा गैरसमज अधिक धोक्याचा आहे, तो म्हणजे नवे कर्नल कोसळले तर बूटलोडर आपण होऊन जुन्याकडे वळेल. ग्रबमध्ये 'फॉलबॅक'ची सोय आहे खरी, पण फाइल सापडली नाही किंवा मेमरीत आणता आली नाही तरच ती उपयोगी पडते. कर्नलच्या हाती ताबा गेल्यावर बूटलोडरचे काम संपलेले असते आणि पुढे कर्नल अडकले तर ते त्याला कळण्याचा मार्गच नसतो. त्यासाठी प्रयत्नांची मोजणी लागते. २०१६ च्या अँड्रॉइड ७.० पासून अनेक फोनांत प्रणालीच्या दोन प्रती दोन स्लॉटांत ठेवल्या जातात, आणि नवी प्रत यशस्वीपणे सुरू झाल्याची खूण ठरलेल्या प्रयत्नांत उमटली नाही तर बूटलोडर जुन्या स्लॉटकडे परततो. सिस्टिमडी-बूटमध्येही नोंदीच्या फाइलनावात उरलेल्या प्रयत्नांची संख्या लिहून अशी व्यवस्था करता येते. पण ती कोणीतरी आधी करून ठेवावी लागते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात निकालात काढता येतील. बूट डिरेक्टरीत अनेक कर्नल असल्याने संगणक मंदावत नाही, कारण मेमरीत एकच येते. मात्र ही डिरेक्टरी वेगळ्या, लहान विभाजनावर असेल आणि ते भरून गेले, तर पुढचे कर्नल अर्धवट बसू शकते. सिक्युअर बूट कर्नल निवडत नाही, तो केवळ स्वाक्षरी तपासतो. मेनूतून विंडोज नाहीसे झाले म्हणजे ते पुसले गेले असे नव्हे. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून इतर प्रणालींचा शोध घेणारा 'ओएस-प्रोबर' सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. विंडोजच्या अपडेटने लिनक्स 'उडाले' ही तक्रारही बहुतेक वेळा बूटऑर्डरमधील बदलाची असते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अशा अपडेटनंतर अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना तेव्हाही ते पुसले गेले नव्हते, तर जुन्या बूटलोडरांना नाकारणारा सुरक्षेचा नियम तेवढा लागू झाला होता.

म्हणून अपेक्षित कर्नल सुरू झाले नाही तर प्रणाली पुसण्याआधी चालू कर्नलची आवृत्ती 'यूनेम' आज्ञेने पाहावी, रचनेच्या फाइलीतील 'ग्रब डिफॉल्ट' वाचावे, जतन केलेली नोंद तपासावी आणि 'अपडेट-ग्रब' एकदा चालवून पाहावे. नव्याने प्रणाली बसवण्याचा सल्ला देणाऱ्याने यांपैकी काय काय तपासले, हे त्याला आधी अवश्य विचारावे.