पत्र्याखालचा फोम : तोलून घ्या, उघडा ठेवू नका

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागाचे बरेच कारखाने आजही पत्र्याखाली चालतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारानंतर हा पत्रा असा तापतो की खाली उभे राहणे कठीण. कारागिराचे हाल तर होतातच, शिवाय हवा कोरडी पडून सुती ताण्याचे धागे पटापट तुटू लागतात. सुती कापड विणताना हवेत ७५ ते ८० टक्के आर्द्रता असावी असे जाणकार सांगतात. तापलेल्या पत्र्याखाली ती टिकणार कशी? हिवाळ्यात उलट तऱ्हा. पहाटे पत्रा थंड पडतो, आतली दमट हवा त्याला लागून पाणी होते आणि थेंब थेंब गाठींवर पडते. असा डाग पडलेला तागा बाजारात कोणत्या भावाने जातो हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको.

या दोन्ही तक्रारींवर सध्या ‘पफ स्प्रे’ अर्थात फवारणीच्या फोमचा इलाज सुचवला जातो. इलाज खोटा नाही. मात्र तो घेताना कापडवाल्याने कापडवाल्याच्याच नजरेने घ्यावा, एवढे सांगण्यासाठी आम्ही ही लेखणी उचलली आहे.

हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मन रसायनतज्ज्ञ ऑटो बायर यांनी १९३७ साली याचा शोध लावला. आयसोसायनेट आणि पॉलिओल असे दोन द्रव दोन पिंपांतून गरम नळीने येतात, बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात आणि पत्र्यावर पडताच काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. याचे दोन प्रकार. एक मऊ, उघड्या छिद्रांचा, जो पाण्याची वाफ आत घेतो. दुसरा कडक, बंद छिद्रांचा. पत्र्यासाठी दुसराच घ्यावा. पहिल्यातून वाफ पत्र्यापर्यंत पोहोचते आणि थेंब पुन्हा सुरू होतात. गळका पत्रा मात्र आधी दुरुस्त करावा. फोमने गळती थांबत नाही, फक्त झाकली जाते आणि पत्रा आतून गंजत राहतो.

आता तोलाची गोष्ट. आपण कापड घेताना जीएसएम तपासतो. फोमलाही तोच हिशेब लावावा. कडक फोमची घनता एका घनमीटरला ४० किलो ठरली असेल तर दोन इंच, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर थराचे वजन एका चौरस मीटरला दोन किलो भरले पाहिजे. दोन हजार चौरस फुटांचा गाळा म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर. तेव्हा वाया जाणारा माल सोडून ३७० किलोच्या आसपास माल लागलाच पाहिजे. पिंपे आली तेव्हाचे आणि काम संपल्यावरचे वजन लिहून ठेवा. काम झाल्यावर दहा सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि पाच सेंटीमीटर जाड तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर टाका. तो २० ग्रॅम भरावा. बारा-तेरा ग्रॅम भरला तर समजा की फुगा विकला गेला. जाडीही पाच-सहा ठिकाणी सुई टोचून पाहावी, कारण कोपऱ्यात आणि पन्हाळीच्या नळीत हात आखडता घेतला जातो. एका दमात जाड थर मारू देऊ नये. फोम घट्ट होताना स्वतः तापतो, आणि फार जाड थराची उष्णता आतच कोंडून तो धुमसण्याची भीती असते.

यापुढची बाब सर्वांत गंभीर आहे. हा फोम जळतो, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखा जहरी वायू सोडतो. ‘फायर रिटार्डंट’ लिहिलेला फोम उशिरा पेट घेतो; पेट घेतच नाही असा त्याचा अर्थ नव्हे. दक्षिण कोरियातील इचॉन शहरात जानेवारी २००८ मध्ये शीतगृहाच्या आगीत ४० माणसे गेली. त्याच शहरात २९ एप्रिल २०२० रोजी बांधकाम चालू असलेल्या गोदामात वेल्डिंगची ठिणगी युरेथेन फोमवर पडली आणि ३८ जण मरण पावले. दोन्ही ठिकाणी बळी पडले ते बहुतांश मजूर. आता आपला यंत्रमागाचा गाळा डोळ्यांसमोर आणा : तुळईवर साठलेले सुताचे तंतू, जुनी वायरिंग, बाजूला सुताच्या गोण्या, आणि निघायला एकच दरवाजा!

म्हणून आतून मारलेला फोम उघडा ठेवूच नये. अमेरिकेत त्यावर अर्धा इंच जिप्सम बोर्ड किंवा तितकाच आगरोधक थर बसवण्याचा नियम आहे. आमच्या मते सुताच्या कारखान्यात फोम पत्र्याच्या बाहेरून मारलेला बरा. तेथे उन्हाने तो पिवळा पडून भुसा होतो, तेव्हा वरून ऊनरोधक लेप द्यावा लागतो आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. खर्च आहे, पण आत माणसे आणि माल निर्धास्त राहतात. फोम बसल्यानंतर पत्र्यावर वेल्डिंग बंद म्हणजे बंद. विम्याविषयी उलेमांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. परंतु ज्यांनी आगीचा विमा घेतला आहे त्यांनी हा बदल कंपनीला लेखी कळवावा, अन्यथा दाव्याच्या वेळी हुज्जत होते.

फवारणाऱ्या कामगाराच्या तोंडावर साधा रुमाल चालत नाही. आयसोसायनेटची वाफ दमा जडवते, आणि एकदा तो जडला की त्या माणसाला पुन्हा या कामाजवळ उभे राहता येत नाही. त्याला बाहेरून हवा देणारा मुखवटा हवा, हे ठेक्यातच लिहून घ्यावे. त्याची रोजी आपल्या ठेक्यावर आहे, तर त्याच्या फुफ्फुसांची जिम्मेदारीही काही अंशी आपल्यावर येते. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो कोरडा घासू नये. त्यातील ॲस्बेस्टॉसची धूळ उडते.

घरासाठी वरच्या मजल्याच्या स्लॅबवर बाहेरून फोम मारून त्यावर लेप दिला की खोल्या बऱ्याच थंड राहतात. आतून काम केल्यास बालबच्च्यांसह किमान एक दिवस घर सोडावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मशिदीच्या गच्चीवर जुम्यासाठी टाकलेल्या पत्र्याच्या शेडलाही हेच लागू आहे. तेथे गर्दी मोठी असते, म्हणून उघडा फोम नकोच.

ज्यांचा गाळा भाड्याचा आहे त्यांनी मात्र घाई करू नये. पत्र्याला चिकटलेला फोम सोडवून नेता येत नाही, गाळा सोडला की पैसा मालकाच्या पत्र्यावर राहतो. अशांनी आधी पत्र्यावर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात द्यावा. थेंब त्याने थांबणार नाहीत, पण दुपारचा ताप बराच उतरतो आणि खर्च फोमच्या तुलनेत किरकोळ येतो.